गांज्याबद्दल मुलांना खोटं सांगू नका

"एकदा ओढला की माणूस वेडा होतो," असं आपण मुलांना सांगून ठेवतो. मग कॉलेजात एखादा मित्र ओढतो, वेडाबिडा काही होत नाही, दुसऱ्या दिवशी परीक्षाही नीट देतो. झालं! त्यानंतर गांज्याबद्दल आपण जे काही सांगितलेलं असतं ते सगळंच मुलाच्या लेखी थाप ठरतं, त्यातलं खरं होतं तेसुद्धा. मला भीती वाटते ती याची. कारण खरी माहितीच इतकी गंभीर आहे की तिला तिखटमीठ लावायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूला "अरे, झाडपाला आहे, नैसर्गिक आहे" म्हणणारे आहेत. धोतराही झाडपालाच आहे.

गांज्यातली नशा मुख्यतः टीएचसी या रसायनाची. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली इस्रायलमध्ये वेगळं काढलं. मेंदूत ते जिथे जाऊन चिकटतं ते रिसेप्टर १९८८ मध्ये सापडले आणि १९९२ मध्ये कळलं की तिथे चिकटणारं एक रसायन आपला मेंदू स्वतःच तयार करतो. त्याचं काम फार नाजूक असतं. एका पेशीकडून दुसरीकडे संदेशांचा मारा वाढला की ऐकणारी पेशी ते रसायन उलट्या दिशेने सोडते आणि बोलणारीला सांगते, "पुरे, जरा हळू." हे अगदी थोडा वेळ आणि गरज असेल त्याच जागी होतं. टीएचसी मात्र एकाच वेळी सगळीकडे पोचतं आणि काही तास हटत नाही.

नवी आठवण जिथे तयार होते त्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे रिसेप्टर दाट असतात. म्हणूनच नशेत वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूतही (अनुमस्तिष्कातही) ते भरपूर असतात, त्यामुळे हालचालींचा मेळ आणि वेळेचा अंदाज बिघडतो. अशा अवस्थेत "मी तर उलट सावकाश चालवतो" म्हणत गाडीला किल्ली लावणाऱ्याला थांबवाच. श्वास चालवणाऱ्या ब्रेनस्टेममध्ये मात्र हे रिसेप्टर फार कमी आहेत, म्हणून हेरॉइनने जसा श्वास बंद पडून माणूस जातो तसं गांज्याने सहसा होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. मुलांना ते माहीत असतं, आणि आपण नाकारलं की पुढचं ते ऐकत नाहीत.

पुढचं म्हणजे वय. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि विचार करून स्वतःला आवरणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. या जडणघडणीत वर सांगितलेल्या यंत्रणेचाच हात असतो. पंधराव्या वर्षी रोज तिच्यात ढवळाढवळ करणं आणि चाळिसाव्या वर्षी कधीतरी ओढणं या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. "याचं व्यसन लागत नाही" हेही खरं नाही. एकूण वापरणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना लागतं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत साधारण सहातल्या एकाला. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, विचित्र स्वप्नं पडतात.

आता वेडाबद्दल. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट दिसलं. यातला काही भाग आधीपासूनच्या मानसिक अडचणींचा असू शकतो, हे मान्य. पण २०१९ च्या मोठ्या अभ्यासातही तीव्र गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही. पण घरात आई-वडील, भावंडं, मामा-काका यांपैकी कुणाला असा आजार असेल, तर त्या मुलाने गांज्याच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याला हे सांगायचं तर घरातला तो आजार लपवणं आधी थांबवावं लागेल.

"आमच्या वेळीही पोरं ओढायची, काय झालं?" असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. अमेरिकेत जप्त मालात १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. अर्क काढलेल्या मालात तर याच्या कितीतरी पट असतं.

बुद्ध्यांकाचं मी मुलांना सांगत नाही. न्यूझीलंडच्या २०१२ च्या अभ्यासात किशोरवयापासून सतत घेणाऱ्यांचा बुद्ध्यांक सुमारे ८ गुणांनी घसरलेला दिसला, पण नंतर जुळ्यांच्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. जिथे वाद आहे तिथे ठामपणे बोलू नये.

औषध म्हणाल तर सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, तीही अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं ते औषध आणि कागदात गुंडाळलेला गांजा यांचा संबंध जोडू नका.

मुलगा किंवा मुलगी "हो, घेतो" म्हणाली तर आधी आदळआपट करू नका. आठवड्यातून किती वेळा, दिवसाचा पहिला कधी, झोपेसाठी घेतोस की घाबरायला होतं म्हणून, हे विचारा. खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच सापडते. रोज घेणाऱ्यांच्या मेंदूत कमी झालेले रिसेप्टर साधारण चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर बरेचसे पूर्ववत होतात, हेही त्यांना सांगा, कारण पहिला आठवडा फार जड जातो. आणि कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटणं यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. गांजा घेतो हे डॉक्टरांपासून लपवू नका, उपचार ठरवताना त्यांना ते कळलंच पाहिजे.