सल्ला मागायला गेले, प्रश्न घेऊन आले
थेरपिस्ट (मनाच्या त्रासावर बोलून मदत करणारे) सल्ला देत नाहीत असं म्हणतात ते अगदी खरंय. नाशिकला कॉलेज रोडवर थेरपिस्ट मॅडमकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं ५० मिनिटांत मॅडम सांगतील नोकरी सोडू की नको, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो तेव्हा डोक्यात नेमकं काय चालू असतं? मग वहीत तीन रकाने, काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, आठवडाभर लिहायचं. सातपूरच्या बसमध्ये लिहायचे, अक्षर एवढं वाकडं की मलाच वाचता येईना 😄 चौथ्या वेळी कळलं की साहेब ओरडले की मला आमचे दादा (वडील) दिसतात. घरी अजून योगा क्लासला जाते असंच सांगितलंय. फी परवडत नसेल तर मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.