बाटलीमागची यादी वाचू द्याल की नाही?

काल दुकानात डोकं फिरलं माझं. आईच्या हाताला इसब आहे, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की सुगंध नसलेलंच मॉइश्चरायझर लावायचं. म्हणजे मला बाटलीमागची यादी वाचायची होती, बास. आणि बरोब्बर त्या यादीवर किमतीचा स्टिकर! बाजूला तळहाताएवढी जागा रिकामी, पण स्टिकर चिकटणार तो ‘इन्ग्रेडिएंट्स’वरच. नखाने कोपरा उचलला तर काउंटरवरची मुलगी लगेच, “मॅडम, स्टिकर काढू नका, मग परत घेत नाही.” अगं, वाचल्याशिवाय घेऊ कशी? तर म्हणे, “सगळ्यात तेच असतं.”

सगळ्यात तेच नसतं! काढलाच मी तो स्टिकर. खाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही रुपेरी कागदावर पांढरी. मोबाइलने फोटो काढून, मोठा करून वाचलं. अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, सिटाइल अल्कोहोल, आणि तळाशी ‘परफ्युम’. पुढच्या बाजूला मात्र ठळक अक्षरांत ‘संवेदनशील त्वचेसाठी’! ‘परफ्युम’ या एका शब्दाखाली डझनावारी सुगंधी द्रव्यं असू शकतात, आणि त्यातल्या एकाचंही नाव लिहिलेलं नाही. आईला नेमकं कशाने खाज सुटते ते शोधायचं कुठून?

आणि ती केशराची क्रीम! डबीवर केशराच्या काड्यांचा ढीग, यादीत केशर कुठे, तर फिनॉक्सिइथेनॉलच्याही मागे. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे १ टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल घालतात ते क्रीम टिकावं म्हणून, युरोपात त्याला १ टक्क्याचीच मर्यादा आहे. त्याच्या मागे ज्याचं नाव, ते १ टक्क्याच्या आतलंच धरून चाला. मग पैसे कसले घेता, काड्यांच्या फोटोचे?

त्याच नियमांत आणखी एक मेख आहे. ६० मिलीपेक्षा लहान द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट पॅकवर यादी छापायची सक्तीच नाही. सीरम किती मिलीचं येतं? ३०! दुकानातली सगळ्यात महाग बाटली, आणि तिच्यात काय आहे ते सांगायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. दोन सीरम शेजारी ठेवून बघा. दोन्हींवर ‘व्हिटॅमिन सी’. एकात अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, दुसऱ्यात अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड. दोन वेगळी रसायनं, प्रमाण एकावरही नाही. करा आता तुलना.

‘पॅराबेन फ्री’ या शब्दांचा तर मला मनापासून राग आहे. पॅराबेन म्हणजे क्रीम टिकवायला घालतात ते द्रव्य. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली पॅराबेनला चक्क ‘अ‍ॅलर्जी न करणारा घटक’ म्हणून जाहीर केलं. आणि काही कंपन्यांनी त्याऐवजी काय घातलं, तर मिथाइलआयसोथायझोलिनोन हे दुसरं टिकवणारं द्रव्य! त्याला त्याच संस्थेने २०१३ मध्ये वर्षातला अ‍ॅलर्जीकारक घटक ठरवलं होतं. युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते २०१७ पासून चालतच नाही. भीती एकाची घालायची आणि गळ्यात दुसरंच मारायचं.

कोरफडीचं जेल हिरवंगार कसं असतं हो? पान चिरून बघा, गर काचेसारखा पारदर्शक निघतो. यादीच्या शेवटी सीआय १९१४० आणि सीआय ४२०९० असे आकडे असतात. एक पिवळा रंग, एक निळा. झालं हिरवं.

शेवटी वैतागून औषधाच्या दुकानात गेले आणि साधी पेट्रोलियम जेली मागितली. तर काउंटरवरचा माणूस आपणहून एक ट्यूब पुढे सरकवतो, “ताई, हे न्या, चेहऱ्याला ग्लो येतो.” उलटवून बघितली तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन! यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही असं औषध. मनाने महिनोन् महिने चेहऱ्यावर चोळलं की कातडी पातळ होते, लव वाढते, बंद केलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते. आणि हा ते गोळ्या-बिस्किटांसारखं हातात देतोय! मी चिठ्ठीचं विचारलं तर म्हणतो, “सगळे असंच नेतात.”

त्याच्याशी दुकानात उभ्याउभ्या भांडले मी, आणि पुन्हा भांडेन. त्याच्या मागच्या फळीवर त्याच ट्यूबांची चळत लागली होती.