कॉलर गळ्याला का पुरली नाही: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. घरी शिवायच्या शर्टाच्या संचाला तुम्ही दोन तारे दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात: कॉलर गळ्याला दीड सेंटिमीटर अपुरी पडली, कॉलरवर फुगे आले, पाठीच्या तुकड्यावर तपकिरी ठिपके उमटले. संचासोबतच्या पत्रकात ‘प्रत्येक टप्प्यावर वाफेची इस्त्री करा’ असं छापलंय, तुम्ही तसंच केलंत, म्हणजे कापडच हलकं असणार, असं तुमचं म्हणणं.

पत्रकातलं ते वाक्य चुकीचं आहे आणि ती चूक आमची. ‘प्रत्येक टप्प्यावर’ हे शब्द तिथे नकोच होते. कापडाबद्दल मात्र आम्हाला तसं वाटत नाही.

आधी गळा. सुती तंतूला पाणी आणि उष्णता मिळाली की आतले बंध सैल पडतात, आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. चुणी जाते ती यामुळेच, आणि गळा लांबतो तोही यामुळेच. उभ्या धाग्यात कापड फारसं ताणत नाही, पण गळ्याच्या गोलाईत खांदा आणि मध्य यांच्यामधला भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, जातो. तिथे दमट कापडावरून इस्त्री पुढे ढकलली, की दोन्ही बाजू मिळून दीड सेंटिमीटर सहज वाढतात, आणि वाळल्यावर ती वाढ तशीच राहते.

दोष गळ्याचा की कॉलरचा, हे घरीच कळेल. गळ्याच्या तुकड्यावर कागदी नमुना ठेवा, कॉलरवर तिचा नमुना ठेवा. जो तुकडा कागदाशी जुळणार नाही, तो बिघडला. (मोजायचं असेल तर शिवणीच्या रेषेवर मोजा, कापलेल्या कडेवर नाही. गळ्याची कड रेषेपेक्षा नेहमीच लहान भरते आणि तिथेच पुष्कळांचा घोळ होतो.) गळा वाढला असेल तर मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात), शिवणीच्या रेषेपासून 2 ते 3 मिलिमीटर बाहेर, 4 मिलिमीटरचा लांब टाका घाला आणि दोरा हलकेच ओढून गळा कागदाइतका आणा. मग इस्त्री 2 ते 3 सेंटिमीटर वर धरून नुसती वाफ सोडा, बोटांनी कड आत थोपटा आणि पूर्ण वाळेपर्यंत तुकडा हलवू नका. वाढ थोडी असेल तर जिरते. लोकरीच्या कापडात हे फार छान जमतं, सुतीत बेताचंच.

पाण्याची खरी जागा कापण्याआधी आहे. संचातलं कापड कोरं आहे, आणि कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं. शर्ट पुढे धुतला जाणारच, म्हणून कापडही आधी धुवून घ्यावं. नुसत्या वाफेने आटणं पुरतं संपत नाही. थोडं दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा आणि हाताला गार ओल लागेनाशी झाल्यावरच नमुना मांडा. ओल्या कापडावर कापलेला तुकडा वाळल्यावर लहान होतो.

एकदा कात्री लागली की इस्त्री कोरडी. गळा, मुंढा (बाही जोडायची जागा) अशा गोलाईंना कापल्याबरोबर मायेत एक साधी आधाराची शिलाई घाला, खांद्याकडून मध्याकडे. इस्त्री उचलायची आणि ठेवायची, घासायची नाही. वाफ परत येते ती शिवण घातल्यावर आणि तीही फक्त शिवणीपुरती. आधी शिवण मिटलेलीच दाबा म्हणजे टाका कापडात बसतो. मग माया उघडा, टोकाने दोन-तीन सेकंद वाफ द्या, लगेच वरून सपाट, न रंगवलेला लाकडी ठोकळा दाबून ठेवा. लाकूड वाफ शोषतं आणि शिवण सपाट असतानाच गार होते. गरम शिवण उचलली तर ती पुन्हा फुगते.

फुग्यांचं कारण फुगा कधी आला यावरून ओळखता येतं. पेस्टिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) चिकटवल्यावर लगेच आला आणि ते कडेला सुटतंय, तर उष्णता किंवा वेळ कमी पडला. अशा वेळी ओलसर फडकं ठेवून, इस्त्री न सरकवता, एकेका जागी 10 ते 15 सेकंद पुन्हा दाबा. आधी नीट बसलं आणि नंतरच्या वाफेने सुरकुतलं, तर पेस्टिंग कापडापेक्षा जास्त आटलंय. तेव्हा कॉलरही नमुन्यापेक्षा लहान भरेल. पुन्हा दाबून ते सुधारत नाही. गरम असतानाच सोलून काढा आणि नवं लावा. विणलेलं पेस्टिंग कापण्याआधी कोमट पाण्यात 15-20 मिनिटं बुडवून, न पिळता टांगून वाळवावं. हेही पत्रकात नव्हतं.

कापडावरचे तपकिरी ठिपके इस्त्रीतून आलेले दिसतात. वाफ तयार व्हायला तळ पुरेसा तापलेला लागतो. इस्त्रीच्या उष्णतेच्या चकतीवर एका ठिपक्याच्या खुणेवर (सुमारे 110 अंश) वाफ चालू केली तर पाणी तसंच गळतं आणि टाकीतला गंज, क्षार सोबत आणतं. सुतीसाठी तीन ठिपके, सुमारे 200 अंश. वाफेचं बटण सलग दाबत राहिलं तरी तळ गार होऊन इस्त्री थुंकते. पहिले दोन-तीन झोत जुन्या फडक्यावर सोडावेत आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करावी. पाणी जड असेल तर निम्मं क्षारमुक्त पाणी मिसळा. टाकीत खळ किंवा अत्तर कधीच घालू नका. गंजाच्या डागावर लिंबाचा रस लावा, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवा. रंग उतरतो का हे आधी मायेवर पाहा. क्लोरीनचं ब्लीच लावू नका, त्याने गंज पक्का होतो.

बदली कापड, पेस्टिंग आणि दुरुस्त पत्रक आम्ही पाठवत आहोत. जुनं परत करायची गरज नाही. नवं कापड आल्यावर कोपऱ्यात 20 सेंटिमीटरचा चौकोन आखून मगच ते धुवा. वाळल्यावर एखादी बाजू 19 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर ते 5 टक्क्यांहून जास्त आटलं. तसं झालं तर दोष कापडाचाच. तेवढं माप इथेच लिहा, संचाचे पूर्ण पैसे परत करू.