हिरवं पान आणि रिकामी बाटली

शिगमा उरकून उकाडा वाढला की आमच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑर्गॅनिक बियर प्या. तिच्यात केमिकल नाही, ग्लिसरीन नाही, दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही, पृथ्वीही वाचते; आणि गोव्यातली क्राफ्ट बियर तर सगळी ऑर्गॅनिकच. मी बियर पितो, त्यामुळे हे काही सोवळ्यातून लिहीत नाही.

आधी ग्लिसरीन, कारण ते जुनं खूळ आहे. कॉलेजात आम्हीही पाण्याने भरलेल्या ग्लासात बाटली उपडी धरायचो. तोंडातून काहीतरी पिवळसर, दाट खाली उतरताना दिसायचं आणि सगळे ‘बघ, बघ, ग्लिसरीन!’ करून ओरडायचे. उतरत होती ती बियरच. न आंबलेले थोडे शर्करायुक्त घटक तिच्यात उरलेले असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड. ती खाली येते आणि तिच्या जागी पाणी वर बाटलीत शिरतं. म्हणजे एवढा खटाटोप करून आम्ही बियरमध्ये पाणी घालत होतो! राहिलं ग्लिसरीन, तर साखर आंबवताना यीस्ट ते थोडंसं स्वतःच तयार करतं. बियर ज्या धान्याची बनते ती बार्ली सेंद्रिय आहे की नाही, हे यीस्ट विचारत नाही.

डोक्याचंही तेच. डोकं धरतं ते मुख्यतः अल्कोहोलमुळे, आणि पाच टक्के म्हणजे दोन्हीकडे पाचच टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात सेंद्रिय मद्याला सवलत नाही. आपल्याकडेही मद्याच्या लेबलवर आरोग्याचा दावा करायला बंदी आहे. जे बाटलीवर छापता येत नाही, ते ग्रुपवर बिनदिक्कत फिरतं.

क्राफ्ट म्हणजे ऑर्गॅनिक, हा तर निव्वळ गोंधळ. क्राफ्ट म्हणजे थोड्या प्रमाणात, निगुतीने बनवलेली. ऑर्गॅनिक म्हणजे बार्ली आणि हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) कशी पिकवली, त्याचं प्रमाणपत्र. भारतात 2017 च्या नियमांनुसार पॅकबंद मालावर ‘ऑर्गॅनिक’ लिहायचं तर मागे प्रमाणीकरण लागतं आणि ‘जैविक भारत’चं चिन्हही. बाटली फिरवून ते शोधा, एवढं सोपं आहे. प्रमाणपत्रातही पळवाटा असतात म्हणा. अमेरिकेत 2012 संपेपर्यंत साध्या, रासायनिक शेतीतल्या हॉप्स घालूनही बियर ‘ऑर्गॅनिक’ म्हणून विकता येत होती, कारण सेंद्रिय हॉप्स पुरेशा मिळत नाहीत, असं धरलं होतं.

आता पृथ्वी. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सेंद्रिय बार्लीच्या शेतात रासायनिक नत्रखत पडत नाही, रासायनिक कीटकनाशक फवारलं जात नाही. तिथल्या मातीला, विहिरीला आणि फवारणी करणाऱ्या माणसाला त्याचा फायदा होतो. पण शेत म्हणजे बियरच्या हिशेबातला एक तुकडा झाला. अमेरिकेतल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीच्या फॅट टायर बियरचा हिशेब 2008 मध्ये मांडला गेला होता. सहा बाटल्यांमागे सुमारे 3.2 किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन निघालं. त्यात दुकानातल्या फ्रिजची वीज आणि काच हे सगळ्यात मोठे वाटे. बार्ली आणि माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) त्यांच्या मागे. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याकडेला उभे, काचेच्या दाराचे, दिवसरात्र गुरगुरणारे फ्रिज आठवा.

म्हापशाला एका मित्राने मला कौतुकाने जर्मन ऑर्गॅनिक बियर पाजली. लेबलवर युरोपच्या सेंद्रिय मालाचं ते चांदण्यांचं हिरवं पान. चव झकास होती, खोटं कशाला बोलू! रिकामी बाटली घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 200 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 330 मिली बियरसाठी एवढी काच इतक्या लांबून आली. बोटीला मी उगाच दोष देणार नाही, समुद्रमार्गे माल त्या मानाने कमी इंधनात येतो. प्रश्न आहे तो काचेचा. ती बाटली पुन्हा भरायला जर्मनीला कोण पाठवणार? इथली 650 मिलीची बाटली मात्र परत जाते, धुतली जाते, पुन्हा भरली जाते. त्याहून बरं हवं असेल तर जवळच्या मायक्रोब्रुअरीत बसून नळाची बियर घ्यावी. तिथे बाटलीच नसते.

आणि बाटली घेतलीच तर ती किनाऱ्यावर टाकू नये. 2019 मध्ये गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला 2,000 रुपये दंड ठरवला गेला, तरी वाळूतल्या काचेने तळवे कापतातच. पायात घुसलेली काच सेंद्रिय बियरची होती का, हे कोणी विचारत नाही.

काहीजण म्हणतील, मग आमचं हुर्राक, काजूच्या बोंडांची दारू, घ्या, बोंडं डोंगरावरची, फवारणी नाही. खरं आहे, पण दारू गाळायचं भाण तापवायला लाकूड जळतं, तेही मोजा.

गेल्या आठवड्यात भंगारवाला आला. मोठ्या बाटल्या मोजून पोत्यात भरल्या. हिरव्या पानाची ती छोटी उचलली, फिरवून पाहिली आणि परत कठड्यावर ठेवली. “ही कोणी घेत नाही, भाऊ,” म्हणाला.