गोव्यात सायकल चालवायची तर फेरीबोट पकडा

थंडी पडली की पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "सायकलवरून गोवा फिरायचाय, कळंगुट-बागाचा रस्ता कसा आहे?" मी सरळ नको म्हणून सांगतो. त्या रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. दिसतात हॉटेलांच्या भिंती, आणि मागून काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या हॉर्न मारत अंगावर येतात.

सायकल घेऊन मांडवी नदीतल्या बेटांवर जा. पणजीहून रायबंदरचा तो जुना बांध धरा, पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये घातलेला. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, तिथून मयेवरून नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वरापाशी थांबा. मूळ देऊळ पलीकडच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. देव नदी ओलांडून नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. नार्व्याहून दिवाडीची फेरी धरलीत की तुम्ही देवाच्याच वाटेनं उलटे निघालात! मला तरी हा टप्पा सगळ्यात आवडतो.

दिवाडीवर मात्र घड्याळ आणि ते सरासरी वेग दाखवणारं अ‍ॅप, दोन्ही खिशात घाला. इथं बघायची ती खाजन शेती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध, आणि बांधात मधूनमधून मानस, म्हणजे पाण्याची लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या दाबानंच दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, बटण नाही. ओहोटीच्या वेळी तिथं जाळं लावलेलं असतं, कोळंबी उडताना दिसते. मोटारीतून जाणाऱ्याला हे सगळं म्हणजे "छान हिरवळ". बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि शेत पडीक राहतं, हेही तिथं उभं राहिल्यावरच डोक्यात शिरतं.

रस्ता जवळजवळ सपाट आहे, महागड्या गिअरच्या सायकलीचं काही काम नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, बिनगिअरच्या सायकलीवर पावाचा हारा बांधून गावभर फिरतोच की. चढ एकच, पिएदादच्या चर्चचा. तिथं उतरून ढकला, कुणी हसत नाही. वरून पलीकडची जुन्या गोव्यातली चर्चं दिसतात.

आता दिवाडीला पूल बांधावा की नाही, त्याबद्दल. आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांना पूल नकोसा वाटतो, कारण गाड्यांची रांग फेरीधक्क्यावरच अडते आणि रस्ते आपल्याला मोकळे मिळतात. पण रात्री-अपरात्री पेशंट घेऊन धक्क्यावर ताटकळणाऱ्या माणसाला हे तोंड वर करून सांगता येईल का? पूल हवा की नको, ते बेटावरच्यांनी ठरवावं. आपण परतताना जुन्या गोव्याच्या फेरीत सायकल कडेला धरून उभं राहावं, आणि फोटो काढण्याच्या नादात उतरणाऱ्यांची वाट अडवू नये.