बिभीषण मिळाला की लंका पडतेच असं नाही

हुरड्याच्या दिवसांत आमच्या परभणीकडं दोन गोष्टींना ऊत येतो, कबड्डीच्या स्पर्धांना आणि व्हॉट्सॲपवरच्या ज्ञानाला. यंदा दोन्ही एकदम आलं. पाच वर्षं आमच्या गावच्या पोरांना शिकवणारे सर शेजारच्या तालुक्याच्या संघाकडं गेले, आणि फायनल नेमकी त्याच दोन संघांत लागली. लगेच एक मेसेज फिरायला लागला: 'अमेरिकन फुटबॉलमध्ये सिद्ध झालंय, कोच जुन्या संघाची गुपितं घेऊन जातो आणि फायनल मारतो. २००३ ला ग्रुडननं हेच केलं. समोरचा नवा कोच तर फितूरच होता. म्हणून सरांना फायनलला मैदानाबाहेर ठेवा.'

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. त्याची फायनल, सुपर बोल, आपल्याकडं सोमवारी पहाटे ५ च्या सुमारास लागते. त्यासाठी गजर लावून उठणारा तालुक्यात बहुतेक मी एकटाच, त्यामुळं उत्तरही मलाच द्यावं लागणार.

आधी ते 'फायनल मारतो'. मुख्य प्रशिक्षक सुपर बोलमध्ये आपल्याच जुन्या संघासमोर उभा राहिला, असं ६ वेळा झालंय. तीनदा तो जिंकला, तीनदा हरला. १९६९ ला यूबँक, २००३ ला ग्रुडन, २०२३ ला अँडी रीड जिंकले. १९९९ ला डॅन रीव्ह्ज, २०१५ ला पीट कॅरल आणि २०२५ ला पुन्हा तोच अँडी रीड, हे हरले. रीडचं तर बघण्यासारखं आहे. फिलाडेल्फियाला १४ हंगाम शिकवून तो कॅन्सस सिटीला गेला. २०२३ ला जुन्या संघाला ३८-३५ असं हरवलं, आणि दोनच वर्षांनी त्याच संघाकडून ४०-२२ असा मार खाल्ला. एका क्षणी तर ३४-० होतं. गुपितं शिळी झाली म्हणावं, तर ती २०२३ लाच १० वर्षं जुनी होती.

रीव्ह्जनं डेन्व्हरच्या जॉन एल्वेला १० वर्षं हाताखाली वागवलेलं. त्या माणसाची नस न् नस माहीत. तरी १९९९ ला एल्वेनं रीव्ह्जच्या नव्या संघाविरुद्ध चेंडू फेकून ३३६ यार्ड मिळवले आणि सामनावीर ठरला. उलट १९६९ ला यूबँकच्या न्यूयॉर्क जेट्सनं बाल्टिमोरला १६-७ असं हरवलं खरं, पण त्यांच्यावर झालेला एकमेव टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) कुणाच्या नेतृत्वाखाली झाला? तिसऱ्या सत्राच्या अखेरीस मैदानात आलेल्या जॉनी युनायटसच्या. म्हणजे ज्याला यूबँकनंच बाल्टिमोरला असताना घडवलं, त्याच्या.

आता ग्रुडन. इथं मेसेजवाल्याचं निम्मं मान्य करतो, कारण तो सामना खरंच तसा होता. ग्रुडन ४ हंगाम ओकलंडचा कोच. फेब्रुवारी २००२ मध्ये टँपा बेनं त्याला चक्क विकत घेतला: बदल्यात पहिल्या फेरीतले २ आणि दुसऱ्या फेरीतले २ नवे खेळाडू निवडायचे हक्क, वर ८० लाख डॉलर. (आपल्याकडं सरांना नारळ आणि टोपी मिळाली.) वर्षाच्या आत फायनलला समोर ओकलंड! या खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, ऐनवेळी सांकेतिक शब्द ओरडून डाव बदलतो. ओकलंडनं ते शब्द पुरते बदललेच नव्हते. ग्रुडन सरावात स्वतः त्यांचा क्वार्टरबॅक गॅनन बनून उभा राहिला, तेच शब्द ओरडला, तसेच चेंडू फेकले. सामन्यात गॅननचे ५ चेंडू टँपाच्या हाती पडले, त्यातल्या ३ वर थेट टचडाउन. निकाल ४८-२१.

पण मेसेजमध्ये नसलेली गोष्ट अशी की टँपाचा बचाव ग्रुडननं आणलाच नव्हता. तो त्याच्या आधीच्या टोनी डंजीनं ६ हंगाम खपून उभा केलेला. त्या मोसमात १६ सामन्यांत त्यांनी फक्त १९६ गुण दिले, लीगमध्ये सगळ्यात कमी. चेंडू कुठं येणार हे सांगणारा एक, आणि तिथं झेपावून तो पकडणारे दुसरे. त्यातच ओकलंडचा सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू देणारा माणूस, सामन्याच्या आदल्या दिवशी बेपत्ता झाला आणि खेळलाच नाही.

फितुरीचं थोडक्यात. ओकलंडचाच खेळाडू टिम ब्राउन यानं २०१३ ला तसा आरोप केला: ग्रुडननंतर ओकलंडचा कोच झालेल्या कॅलहननं ऐनवेळी डावपेच बदलून सामना घालवला. कॅलहननं तो साफ नाकारला. आणि गंमत बघा, डावपेच खरंच बदलले असतील, तर मग ग्रुडननं नेलेली गुपितं कामाला कशी आली? मेसेजमध्ये दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्यात. काहून, ते लिहिणाऱ्यालाच विचारा.

राहिले आमचे सर. त्यांना बाहेर बसवून काय होणार? जे सांगायचं ते त्यांनी नव्या पोरांना कधीच सांगितलं असेल. आमच्या साखळीत डाव्या कोपऱ्यावरचा पोरगा शेजाऱ्याचं मनगट दोनदा दाबतो; दोनदा दाबलं की पकड, एकदा दाबलं की मागं सरायचं. ही खूण सरांचीच. परवा संध्याकाळी मैदानावर गेलो आणि पोरांना म्हटलं, आजपासून उलटं करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिलीच चढाई आली, कोपऱ्यावरच्यानं एकदा दाबलं, शेजारचा सवयीनं मागं सरला, आणि चढाईवाला बोनस घेऊन हसत परत गेला.

"लई वर्षांची सवय हाय," कोपऱ्यावरचा म्हणाला. फायनल रविवारी आहे. उद्या पहाटे साडेपाचला बोलावलंय सगळ्यांना.