बघून चालवायची

शाळेच्या ग्रुपवर एकाने गावातल्या नाक्यावरच्या खड्ड्यात वाकलेल्या बुलेटच्या रिमचा फोटो टाकला आणि विचारलं, नगरपालिकेकडे भरपाई मागता येईल का? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायला सांगितलं, त्यावरून त्याला आशा वाटली होती. दिवसभर त्याला एकच उत्तर मिळत राहिलं. खड्डा काय काल पडलाय? बघून चालवायची.

दोन दिवस ते वाक्य मला छळतंय.

मी राहते त्या इंग्लंडमधल्या छोट्या गावातही खड्डे आहेत, भरपूर आहेत. भेगांत पाणी मुरतं, रात्री गोठून फुगतं आणि डांबर उखडतं. गेल्या फेब्रुवारीत मुलीला शाळेत सोडून येताना झुडपांच्या कुंपणाच्या कडेला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं. टायर फुटला, स्प्रिंग तुटली. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन गेले, फोटो काढले, कौन्सिलच्या नकाशावर जागा दाखवली. गॅरेजचं २१० पौंडांचं बिल आणि एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला, जोडून दावा केला. चार दिवसांत खड्ड्याभोवती पांढरा चौकोन आखला गेला, पुढच्या आठवड्यात खड्डा बुजला.

दावा मात्र फेटाळला. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम ४१ रस्ता नीट ठेवायची जबाबदारी टाकतं, पण वाजवी काळजी घेतल्याचं दाखवलं की कलम ५८ खाली सुटता येतं. पत्रासोबत पाहणीच्या तारखा होत्या. शेवटच्या पाहणीत तिथे खड्डा नव्हता आणि माझ्याआधी कुणी कळवलंही नव्हतं. कुणी कळवलं असतं आणि तरी तो तसाच राहिला असता, तर त्यांचा बचाव लंगडा पडला असता. तेव्हापासून दिसेल तो खड्डा मी कळवते. पुढच्या माणसाला तरी उपयोग होईल. बघून चालवायला हवं होतं, असं त्या चार पानांत कुठेही नव्हतं.

ग्रुपवर हे लिहिलं तर एक मैत्रीण म्हणाली, तिकडचं इकडे सांगू नकोस. अगं, पैसे मला इथेही मिळाले नाहीत! मिळालं ते कारणांसकट उत्तर. आपल्याकडे अर्ज द्यायला गेलेल्या माणसाला पोच मागायचीसुद्धा लाज वाटते, आणि ती लाज आपणच एकमेकांना शिकवतो.

मीही शिकवली आहे. २०१९ च्या पावसाळ्यात त्याच नाक्यावर बाबांची स्कूटर घसरली, मनगट मोडलं. मी फोनवर म्हणाले, "बाबा, बघून चालवायची ना." ते गप्प राहिले. इथे अनोळखी माणसाच्या टायरसाठी मी तक्रारी करते, बाबांच्या मनगटासाठी एक अर्ज केला नाही. आता ते नाहीत.

काल रिमवाल्याला वेगळा मेसेज केला. अर्ज दोन प्रतींत लिही, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे, अर्जदारांत माझंही नाव घाल. त्याने विचारलं, पत्ता कुठला लिहू, तिकडचा?

घरचा लिही म्हटलं. घरपट्टी मीच भरते.